शांततेला किती मेमरी लागते?

मागच्या महिन्यात नववीतला एक पोट्टा माझ्या दुकानात आला. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्याला कामाला असलेल्या त्याच्या मामानं त्याला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम दिला होता, आणि सोबत नुकत्याच गाजलेल्या एका चित्रपटावरचा गेम. चित्रपट त्यानं चारदा पाहिलेला. यंत्र माझ्या काउंटरवर ठेवून तो म्हणाला, "भाऊ, याच्यात काही बिघाड हाय का पाहा नं जी. याच्यातला माणूस थांबतच नाही." मी अर्धा तास खेळून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं. चित्रपटातला नायक दोन तासांत जेमतेम एकदा पळतो. बाकी सगळा वेळ तो चालतो, थांबतो, वाट पाहतो. गेममध्ये मागून पडदाच त्याला ढकलत होता आणि तो थांबला की मरत होता. बिघाड यंत्रात नाही, गेमच तसा बनवलाय, हे सांगितल्यावर त्या पोराचा चेहरा जो उतरला तो मला विसरता येत नाही.

दुकानासमोरच्या बाकावर यावरून वाद पेटला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, खेळण्यापायी कोणी असं तोंड पाडून बसतं का? कॉलेजात जाणारा एक जण म्हणाला, "पिक्चरवरचे गेम असेच रायतात, त्याच्यात नवीन का हाय?" तिसऱ्यानं निकाल दिला की ग्राफिक्स भंगार आहे आणि एवढ्याशा डब्ब्यात याहून जास्त मावतच नाही. ही तीन वाक्यं फक्त आमच्या बाकावरची नाहीत. चित्रपटावरच्या गेमनं कोणाची निराशा झाली की सगळीकडे हेच बोललं जातं, आणि तिन्ही वाक्यं चुकीच्या जागी बोट ठेवतात. त्या पोराची निराशा रास्त आहे. छोटा पडदा हे तिचं कारण नाही, कमी प्रतीची चित्रंही नाहीत. छोट्या पडद्यावर खेळणाऱ्याला उरलंसुरलं वाढलं तरी चालतं, चित्रपटाचं नाव पाहून तो घेईलच, या गृहीतकातून ती जन्मते. चित्रपटाचं आणि गेमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीला धरून बसलो तर मूळ प्रश्न सुटून जाईल.

हे मी तावातावानं लिहितोय, कारण असाच उतरलेला चेहरा एकदा माझा होता. २००५ चा उन्हाळा. मी दहावीची परीक्षा दिली होती. मे महिन्यात आईसोबत पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला जायचो. ७० पानांचा एक पुडा, दुपारी घरी बसून बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून द्यायचे. त्या पैशातले ६५० रुपये आईनं मला दिले. नागपूरला राहणाऱ्या चुलतभावानं स्वतःचा जुना हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) मला दिला होता; मी दिलेल्या पैशात त्यानं सीताबर्डीवरून एका चित्रपटाच्या गेमची कॅसेट आणली. तो चित्रपट मी आदल्या हिवाळ्यात गावातल्या एका बारशाच्या रात्री पाहिला होता. टीव्ही आणि व्हीसीडी भाड्यानं आणलेली, हिंदीत डब केलेला, अंगणात पन्नास माणसं. एक माणूस रात्रीचं जंगल ओलांडतो आणि त्याच्या मागावर काहीतरी आहे, एवढीच गोष्ट. ते जनावर बराच वेळ दिसतच नाही. आधी पाखरांचा आवाज बंद होतो, मग रातकिड्यांचा. नायक पाय उचललेला तसाच ठेवून उभा राहतो. अंगणातली पन्नास माणसंही तशीच गप्प झाली होती, कारण आमच्याकडे ही शांतता सगळ्यांना कळते. वाघ हिंडत असला की वानर खाकरतं, चितळ ओरडतं, आणि मध्येच एक वेळ अशी येते की काहीच ऐकू येत नाही. तेंदूच्या जंगलात अशा वेळी आई नुसता हात वर करायची. आम्ही तोडलेलं पान हातातच धरून थांबायचो.

गेममध्ये नायक डावीकडून उजवीकडे चालायचा. दर चार पावलांवर तेच एक जनावर उडी मारायचं; बटण दाबलं की पडायचं. झाडांना सोन्याची नाणी लटकलेली. बारा-पंधरा सेकंदांची एक धून न थांबता वाजत राहायची, पहिल्या लेव्हलपासून शेवटच्या लेव्हलपर्यंत. दोन लेव्हलच्या मध्ये चित्रपटातली तीन स्थिर चित्रं आणि खाली इंग्रजीच्या दोन ओळी. सगळा गेम तीन संध्याकाळी संपला. आईनं विचारलं, "झाला का गा तुया खेळ? चांगला हाय का?" मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, कारण पुडे बांधून तिच्या बोटांना पडलेल्या भेगा मला दिसत होत्या.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, आणि ते पोकळ नाही. पहिली गोष्ट, मर्यादा खऱ्या असतात. मी ज्या पिढीच्या यंत्रावर खेळलो त्या गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा होता. आजच्या साध्या मोबाईलच्या पडद्यावरही त्याहून कितीतरी पट जास्त ठिपके असतात. कॅसेटमध्ये मावणारी माहिती मेगाबाइटमध्ये मोजायची. चित्रपटाची रीळं त्यात ओतता येणार नाहीत, नटांचे आवाज भरता येणार नाहीत, झाडाचं प्रत्येक पान हलवता येणार नाही. हे सगळं कबूल. पण मला तर पानं हललेली नकोच होती. मला हवी होती ती शांतता. शांततेला किती मेमरी लागते? धून बंद करायला कॅसेटमध्ये किती जागा लागते? जनावर दर चार पावलांऐवजी पाच मिनिटांनी एकदाच आणायला कुठला महागडा प्रोसेसर लागतो? उलट जागा वाचली असती. यंत्राला जे सर्वांत स्वस्तात जमलं असतं तेच चित्रपटाचं मर्म होतं, आणि तेच वगळलं गेलं. ही मर्यादा यंत्राची नव्हती. ज्यांनी गेम बनवला त्यांनी चित्रपटात काय घडतं याची यादी केली. चित्रपट पाहताना माणसाला काय होतं, याची केली नाही.

ज्यांना वाटतं की कमी ठिपक्यांत भीती, घाई, चुरस येत नाही, त्यांनी जत्रेतला ब्रिक गेम आठवावा. '९९९९ इन १' असं छापलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मार्कंड्याच्या जत्रेपासून गावच्या मंडईपर्यंत सगळीकडे मिळणारा. त्याचा पडदा म्हणजे १० बाय २० चौकटी, एकूण २००. त्यातली मोटार सात-आठ काळ्या चौकोनांची. तरी वेग वाढला की हाताला घाम सुटायचा आणि मागे उभी असलेली चार पोरं "डावीकडे, डावीकडे" असं ओरडायची. रंग नाही, ग्राफिक्स नाही, कथा तर नाहीच. मग त्या २०० चौकटींत जे आलं ते हजारो रंगीत ठिपक्यांत का येऊ नये?

छोट्या यंत्राचा इतिहासच या सबबीच्या विरोधात साक्ष देतो. १९८९ साली आलेला मूळ गेम बॉय घ्या. गुनपेई योकोई हे त्यामागचे अभियंते. रंगीत पडदा तेव्हा उपलब्ध होता, पण त्यांनी हिरवट-करडा, मागून उजेड नसलेला पडदा निवडला. नव्या चकचकीत तंत्रापेक्षा जुनं, स्वस्त, पुरतं कळलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा अनपेक्षित उपयोग शोधायचा, ही त्यांची पद्धत. चार पेन्सिल सेलवर ते यंत्र दहा तासांहून जास्त चालायचं. स्पर्धेतला सेगाचा गेम गियर रंगीत आणि उजळ होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकायचा. लोकांनी काय घेतलं? गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले. ज्या गावात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन होतं, आणि ज्याच्याच जिल्ह्यातल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जात होती, त्या गावातल्या पोराला सेल किती तास टिकतो हे ग्राफिक्सपेक्षा मोठं वाटतं, हे समजावून सांगावं लागत नाही. योकोईंनी मर्यादेकडे पाहून हात वर केले नाहीत. मर्यादेत काय चांगलं जमेल, हे त्यांनी आधी विचारलं. पुढे १९९६ मध्ये सातोशी ताजिरी यांनी पोकेमॉन आणला. लहानपणी किडे गोळा करण्याचा त्यांना नाद होता. दोन गेम बॉय वायरीनं जोडता येतात हे पाहिल्यावर त्यांना त्या वायरीत एकमेकांना किडे देणारी-घेणारी पोरं दिसली. हे घरातल्या टीव्हीला जोडलेल्या मोठ्या यंत्रावर सुचलंच नसतं. छोटेपणातूनच ती कल्पना आली.

आणि एवढ्या लांब जपानला तरी कशाला जायचं? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या की दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्याच गावी रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाट्यमंडळ्यांचं मुख्य ठिकाण. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांतून हिवाळाभर प्रयोग होतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतो. शहरातलं गाजलेलं नाटक, एखाद्या चित्रपटाची कथा, पुराणातला प्रसंग, सगळं या मंचावर येतं. त्यांच्याकडे फिरता रंगमंच नसतो. पण म्हणून ते कथेची कात्रणं करून वाढत नाहीत. समोर बसलेली माणसं वीस-वीस मैलांवरून आलेली आहेत, लेकी माहेरी आलेल्या आहेत, पाहुण्यांनी घर भरलंय, हे त्यांना ठाऊक असतं. मी पाहिलेल्या एका प्रयोगात जंगलाचा प्रवेश होता. मागे रंगवलेला एकच पडदा, तोही एका कोपऱ्यात फाटलेला. तबलजीनं हात उचलला. ऑर्गन थांबला. विंगेत कोणीतरी माइकला चिकटवून सागाचं वाळलेलं पान हळूच चुरगाळलं. बस्स. माझ्या शेजारची सहा-सात वर्षांची पोरगी आईच्या मांडीवर चढून बसली. त्या एका पानात माझ्या २००५ च्या अख्ख्या कॅसेटपेक्षा जास्त जंगल होतं. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे आनंद झाला तो एका माणसापुरता नव्हता. या मंचाला मोठ्या मंचाची गरीब नक्कल समजणाऱ्यांना ते उत्तर होतं.

रूपांतर आणि काटछाट यांतला फरक गावच्या कुठल्याही शिंप्याला विचारा. बापाची जुनी पँट पोराला करायची असली की एक शिंपी पाय कापून देतो. कंबर घोळदार राहते, खिसे गुडघ्यापर्यंत येतात, पोरगा ती दोरीनं बांधून हिंडतो. दुसरा शिंपी सगळी शिवण उसवतो, कापड पसरतो, पोराच्या अंगाचं माप घेतो आणि मग नव्यानं बेततो. कापड तेच, मेहनत तिप्पट. चित्रपटावरच्या बहुतेक छोट्या गेममध्ये पाय कापलेले असतात.

दुसरा मुद्दा वेळेचा आणि पैशाचा, आणि तो पहिल्यापेक्षा भारी आहे. चित्रपटाची तारीख ठरलेली असते. त्याच आठवड्यात गेम दुकानात हवा, नाहीतर जाहिरातीची हवा निघून जाते. नाव वापरण्याच्या हक्कासाठीच एवढी रक्कम मोजलेली असते की बनवणाऱ्यांच्या वाट्याला थोडं उरतं. मोठ्या यंत्राचा गेम एक चमू करतो, छोट्या यंत्राचं काम बहुधा दुसऱ्याच लहान चमूकडे जातं, आणि त्यांच्या हातात अपुरी पटकथा व काही छायाचित्रं पडतात. ही माणसं आळशी नसतात. १९८२ चं उदाहरण तर दंतकथेसारखं झालंय. ई.टी. हा चित्रपट जूनमध्ये लागला आणि नाताळच्या बाजारात गेम हवा म्हणून अटारी या गेम कंपनीच्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. वॉर्शॉ कसलेले होते, त्याआधीचा त्यांचा गेम नावाजला गेला होता. पण पाच आठवड्यांत धान पिकत नाही तसा गेमही पिकत नाही. न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या ॲलमोगॉर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या आणि २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा जगानं पाहिल्या.

म्हणून मी वॉर्शॉना दोष देत नाही, आणि माझी कॅसेट बनवणाऱ्यांनाही देत नाही. पण तारीख काय आभाळातून पडते? ती कोणीतरी ठरवतं. गोल्डनआय हा जेम्स बाँडचा चित्रपट १९९५ साली आला आणि त्याच्यावरचा गेम १९९७ च्या ऑगस्टमध्ये, जवळपास दोन वर्षांनी. तोपर्यंत चित्रपटाची पोस्टरं फाटून गेली होती. तरी ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि आजही लोक त्याचं नाव काढतात. तो घरातल्या टीव्हीवर खेळायचा गेम होता, हे खरं. पण वेळ दिला तर चित्रपटाचा चाहता थांबतो, हे त्यानं दाखवून दिलं. जंगलाची भीती गेममध्ये आणता येते का, याचं उत्तरही मोठ्या यंत्रावर मिळालेलं आहे. २००५ च्या किंग काँगवर मिशेल आन्सेल यांनी केलेल्या गेममध्ये पडद्यावरून जीव किती उरला त्याची पट्टी आणि गोळ्यांचा आकडा काढून टाकला होता, खेळणाऱ्याचं लक्ष फक्त झाडीकडे राहावं म्हणून. माझा चित्रपट तो नव्हता, पण मला हवं होतं ते नेमकं हेच होतं. काहीतरी काढून टाकायचं! त्याच नावानं छोट्या दोन पडद्यांच्या यंत्रावर जो गेम आला त्यावर मात्र समीक्षकांनी सडकून टीका केली. एकच चित्रपट, एकच वर्ष, आणि विचार करून बनवलेलं फक्त मोठ्या पडद्याच्या वाट्याला. आपल्याकडेही थोडा विचार केला की काय होतं ते दिसलंय. २०१३ मध्ये उडुपीच्या 'नाइन्टीनाइन गेम्स'नं धूम ३ वर मोबाईलसाठी गेम केला तेव्हा त्यांनी चित्रपटातली मोटरसायकल उचलली. छोट्या पडद्यावर काय खेळता येईल, हे कोणीतरी मनात धरलं होतं. उडुपी काही मुंबई नाही. छोट्या गावात बसून हे करता येतं.

आता कॉलेजच्या पोराचं वाक्य, "असेच रायतात." हे मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात शहाणपणाचा आव आहे. असेच असतात म्हणून मान खाली घालायची, तर ते तसेच राहणार. आणि चाहत्यानं आधीच ओळखायचं तरी कसं? डब्यावर चित्रपटाचंच पोस्टर असतं. २००४ च्या स्पायडर-मॅन २ चं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहे. घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरच्या गेममध्ये अख्ख्या शहरावरून जाळ्याला लटकून मोकळं हिंडता यायचं, आणि त्याची वाहवा झाली. त्याच नावानं कॉम्प्युटरवर निघालेला गेम मुळातच वेगळा, लहान मुलांसाठी सोपा केलेला होता. वाहवा ऐकून कॉम्प्युटरचा डबा घेणाऱ्याला काय मिळालं? बियाण्याच्या पिशवीवर एका वाणाचं चित्र आणि आत दुसरंच बियाणं निघालं तर आम्ही कृषी सेवा केंद्रासमोर उभे राहतो, पंचनामा मागतो. तिथे कोणी म्हणत नाही की बियाणं असंच असतं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हेसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात ठरवण्याचं एक कारण आहे. मग 'या यंत्रावरचा गेम इतर यंत्रांवरच्या गेमपेक्षा वेगळा आहे' ही एक ओळ डब्यावर ठळक छापायला काय हरकत आहे? एवढी एक मागणी सगळ्या खेळणाऱ्यांनी लावून धरली तरी बरंच बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

राहिले गुरुजी. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांचं म्हणणं मी सर्वांत गांभीर्यानं घेतो. ज्या विदर्भात कापूस आणि धान पिकवणारी माणसं कर्जापायी जीव देतात, ज्या तालुक्यात सरपणाला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात जाते, तिथे एका गेमच्या निराशेवर एवढं लिहायचं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर मला त्या ६५० रुपयांत सापडलं. शहरातल्या पोराला एक गेम आवडला नाही तर तो दुसरा घेतो, मित्राशी बदलतो, दुकानात परत करतो. आमच्याकडे दुसरा नसतो. परत करायला नागपूरला जायचं तर दिवस आणि बसभाडं जातं. वर्षातून एकदा विकत घेतलेल्या वस्तूकडून माणूस वर्षभराची अपेक्षा ठेवतो. म्हणजे जिथे पैसा कमी तिथेच वस्तू खरी असण्याची गरज जास्त. आमच्या दुःखाची यादी मोठी आहे म्हणून पोरांच्या वाट्याचा आनंद हलक्या प्रतीचा चालेल, हा हिशेब मला मान्य नाही. अनुशेष हा शब्द विदर्भात शाळकरी पोरालाही माहीत असतो. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली ती रस्ते, सिंचन, वीज, शाळा यांतली तूट मोजायला. खेळाची, गोष्टींची, मनाला लागणाऱ्या चांगल्या वस्तूंची तूट कोणी मोजली नाही. पण ती असते. दुय्यम वस्तू वर्षानुवर्षं हातात पडत राहिली की माणूस हळूहळू दुय्यम मागायला लागतो, आणि मग "असेच रायतात" म्हणायला लागतो.

आणखी एक. चाहत्याची निराशा ही रडारड नसते, ती पारख असते. तो पोट्टा इंग्रजीत काठावर पास होतो, पण "यातला माणूस थांबतच नाही" हे त्याचं वाक्य मी त्या गेमबद्दल ऐकलेलं सर्वांत नेमकं वाक्य आहे. चित्रपटाचा जीव कशात आहे हे त्याला कळलं होतं आणि गेममध्ये तो कुठे नाही हेही कळलं होतं. बाकावरचे आम्ही मोठे ग्राफिक्सवर बोलत होतो. मी स्वतः त्या वयात एवढं नेमकं बोलू शकलो नव्हतो. मी फक्त एक केलं होतं. गेम संपल्यावर आठवडाभरानं, लाइट गेलेल्या एका रात्री, अंगणात खाटेवर बसून मी यंत्राच्या बाजूचं आवाजाचं चाक फिरवून पार बंद केलं आणि पहिली लेव्हल पुन्हा लावली. चंद्राचा उजेड पडद्यावर पुरेना म्हणून यंत्र कंदिलाकडे तिरपं धरलं. धून गेली. गोठ्यात बैलानं तनशीत तोंड घातलं की सरसर व्हायचं, दूर टेकडीकडे कोल्हे ओरडायचे, मग तेही थांबले. मी नाणी गोळा करणं सोडलं. नायकाला एका झाडाखाली उभं केलं आणि बटणांवरची बोटं काढून घेतली. दोन-तीन मिनिटं, कदाचित जास्त, तो नुसता उभा होता आणि मला चित्रपट पाहिला त्या रात्रीसारखी भीती वाटली.

ही गोष्ट मी त्या पोराला सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण भाऊ, मायाच्यात थांबलं का मरते." मग त्यानं वहीचं पान फाडलं आणि दुकानातच बसून गेम बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. मराठीत, बारा ओळी. तिसऱ्या लेव्हलमध्ये नदीकाठी जिथे चित्रपटातला माणूस लहान मुलीची वाट पाहतो तिथे मागचा पडदा ढकलू नका, त्याले थांबू द्या, मुलगी आली की आम्ही चालू. मी त्याचं इंग्रजी केलं, मूळ पानाचा फोटो काढला आणि डब्याच्या मागे छापलेल्या पत्त्यावर दोन्ही ईमेलनं पाठवलं. त्याला आज अठरा दिवस झाले. शाळा सुटली की तो सायकल बाकाला टेकवतो आणि विचारतो, "आलं का जी काही?"